शून्याच्या सकाळचं मेण

“वर पीठ पडायला लागलंय रे बाळा. चाळणीतून पडावं तसं, बारीक. सगळ्यांना सांग हं.”

गुनवोरमावशीचा आवाज. टेलिफोनच्या तारेतून आलेला, थोडा खरखरीत, मागं कुठंतरी किटली उकळत असलेला. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. मावशी गेली, डोंगरमाथ्यावरचं तिचं विश्रामघर विकलं गेलं, शाळेच्या बोळातला भिंतीवरचा काळा फोन निघाला आणि त्या जागी मुलांच्या टोप्या अडकवायच्या खुंट्या आल्या. सिवर्टच्या कानात मात्र तो आवाज जसाच्या तसा होता. वर्षातले तीनशे दिवस तो गप्प असे. पारा शून्याला टेकला, की बोलू लागे.

आज पारा शून्याला टेकला होता.

मार्चातला शनिवार, खोऱ्याच्या वार्षिक स्की-शर्यतीचा दिवस. तीस किलोमीटर: चर्चजवळून निघायचं, जंगलातून चढत माथ्यावरच्या उघड्या पठारावर जायचं, तिथून वळसा घालून पुन्हा खाली. दहा वाजता शिट्टी. आठ वाजल्यापासून शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात सिवर्ट बाकांवर शिकंजे आवळत होता. शर्यतीच्या दिवशी हा वर्ग मेणाची खोली होतो. डांबराचा, तापल्या इस्त्रीचा आणि कॉफीचा वास एकमेकांत मिसळतो आणि बायका म्हणतात तसा आठवडाभर केसांतून जात नाही.

स्कीच्या पुढच्या-मागच्या भागाला घसरण्याचं मेण काल इस्त्रीनं लावून, खरवडून झालं होतं. त्याचं फारसं काही नसतं. सगळा जीव असतो तो पायाखालच्या हातभर पट्ट्यात. तिथलं मेण चढताना बर्फ धरतं आणि पुढं जाताना सोडतं. धरेना झालं तर पाय मागं सटकतो. सोडेना झालं तर पायाखाली बर्फाचा गोळा बांधला जातो आणि माणूस उंच टाचांच्या बुटात चालल्यासारखा चालतो. कडक थंडीत मेणाचा रंग निवडताना कुणाचंही चुकत नाही. शून्यावर मात्र शहाणे वेडे होतात. म्हणून तर खोऱ्यातल्या आया पोरांचे पाय मोज्यांत घालता घालता म्हणत आल्या आहेत:

हिरवं गोठल्याला, निळं गारठ्याला,
जांभळं उंबऱ्याला, तांबडं ओल्याला;
शून्याची सकाळ कुणाला न कळे,
शेजाऱ्याचं मेण शेजाऱ्याला मिळे.

शेवटची ओळ नुसती यमकासाठी नव्हती. ती रीत होती. इतर दिवशी आपलं मेण लपवा, शेजाऱ्याला खोटा रंग सांगा, हसत हसत फसवा. तो खेळातलाच भाग. पण शून्याच्या सकाळी जे कळलं ते सांगायचं. वर काय पडतंय, सावलीत काय आहे, वारा कुठून आहे. शून्यावर मेण लपवणं म्हणजे दुसऱ्याच्या रचलेल्या लाकडांतून ओंडका ओढून नेण्याइतकं हलकं काम. असलं काही केलेला माणूस खोऱ्यात असल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सिवर्टला आठवत होतं.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि एम्ब्रिकही एकोणीसचाच. याच वर्गात, याच खिडकीखालच्या बाकावर दोघांच्या स्की शेजारी शेजारी उलट्या आवळलेल्या. त्या वर्षी खोऱ्यातून एकाच तरुणाला जिल्ह्याच्या संघात घेणार होते, आणि तो एम्ब्रिक असणार हे पाद्रीबाबांच्या गाईलासुद्धा ठाऊक होतं. एम्ब्रिकनं बाहेर जाऊन मूठभर बर्फ दाबला, उघडून पाहिला, म्हणाला, “जुना, खडीसारखा, वर ओला. ट्यूबमधलं चिकट मेणच. दुसरं काही चालायचं नाही.” बरोबरच होतं ते. दोघांनी ते फणसाच्या चिकासारखं मेण बोटांनी ओढून पातळ पसरलं. साडेआठला सिवर्ट पाण्याची बाटली भरायला बोळात गेला आणि फोन वाजला: माथ्यावरून गुनवोरमावशी, पिठासारखा नवा बर्फ पडतोय म्हणून.

नवा भुसभुशीत बर्फ आणि ओलं चिकट मेण यांची गाठ पडली, की गोळा ठरलेला. त्यावर उपाय सोपा: स्की बाहेर नेऊन पुरत्या गार करायच्या, चिकट थर कडक झाला की वरून डबीतलं जांभळं मेण हलक्या हातानं चढवायचं आणि बुचानं घासून गुळगुळीत करायचं. पंधरा मिनिटांचं काम. दोघांचं मिळून अर्धा तास. दहा वाजायला दीड तास होता.

तो परत आला तेव्हा एम्ब्रिकनं मान वर न करताच विचारलं होतं, “कुणाचा रे?”

“आईचा. जेवायला येणार का विचारत होती.”

कुठून आले ते शब्द, हे सिवर्टला कधीच कळलं नाही. ठरवून केलं असतं तर निदान ठरवण्याला तरी दोष देता आला असता. जीभ आधी बोलली आणि तो मागून चालत गेला. लाकडं रचायच्या छपरामागं स्की गार केल्या, जांभळं चढवलं. बूच घासतानाचा तो कोरडा आवाज आपल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही ना, म्हणून दोनदा थांबला.

पठारावर त्यानं एम्ब्रिकला मागं टाकलं. एम्ब्रिक वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून चाकूनं तळ खरवडत होता. त्यानं मान वर केली आणि ओरडला, “जा सिवर्ट, पळ, तू तरी जा.” तो तेविसावा आला. सिवर्ट दुसरा. पहिला आला तो पन्नाशीचा पोस्टमन. हवा कसलीही असो, तो दरवर्षी सगळीच मेणं थोडी थोडी लावायचा आणि लोक त्याला हसायचे. संघात सिवर्टला घेतलं. जिल्ह्याच्या पहिल्या शर्यतीत तो चव्वेचाळिसावा आला, आणि पुढच्या हिवाळ्यात कुणी बोलावलं नाही. एवढंसं होतं ते. एवढ्याशासाठी.

वसंतात गुनवोरमावशी खाली आली तेव्हा दुकानात भेटली होती. “सांगितलंस ना रे पोरांना?” तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. ती त्याच्या गालावर हात फिरवून मीठ घ्यायला गेली.

“काय म्हणतो पारा?” दार ढकलत एम्ब्रिक आत आला. साठीचा, रुंद, खांद्यावर लाकूड कापायच्या गिरणीचा भुसा कायमचा बसलेला. त्याच्या मागं त्याची मुलगी तुरी, स्कीच्या दोन जोड्या काखोटीला मारून.

“खाली अधिक अर्धा, वर उणे अर्धा,” तुरी म्हणाली. “मधे शून्य, बाबा. तुझ्या आवडीचं.”

“माझं नाव नका घेऊ आज. स्की ऐकतात.” एम्ब्रिक बाकावर बसला आणि थर्मास उघडला. “सिवर्ट, कालच दुकानात काय झालं सांगू? एक पोरगा, असेल दहा वर्षांचा, आईला सांगत होता, ‘आई, मी आज जंगलात दोनदा एम्ब्रिक झालो.’ माझ्या तोंडावर. मी म्हटलं, बाळा, मी तर साठ वर्षं झाली एम्ब्रिकच आहे, सवय होते.”

तो हसला. खोऱ्यात स्कीखाली गोळा बांधला की ‘एम्ब्रिक झाला’ म्हणायची पद्धतच पडली होती. बोलणाऱ्या पोरांना तो शब्द माणसाचं नाव आहे हेही कधी कधी माहीत नसे. आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं एम्ब्रिकच हसे. सिवर्टनं शिकंजा आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला.

“काका, तो आवळून झालाय,” तुरी म्हणाली.

ती सत्तावीस वर्षांची होती. दुधाचा टँकर चालवायची. घाटापलीकडच्या शेतांवरून पहाटे दूध गोळा करून डेअरीत आणायची. तिच्या पायातल्या पहिल्या स्कीला, ती तीन वर्षांची असताना, सिवर्टनं मेण लावलं होतं. त्यानंतर तिच्या प्रत्येक शर्यतीला. एम्ब्रिकच्या घराचं छप्पर जळालं तेव्हा सिवर्ट पंधरा दिवस तिथं खिळे ठोकत होता. एम्ब्रिकची बायको आजारी पडली तेव्हा दर गुरुवारी शहरातल्या दवाखान्यात गाडी नेणारा सिवर्टच. लोक म्हणत, मैत्री असावी तर अशी. ते म्हणत, आणि सिवर्ट खाली बघे. लोक त्याला विनय समजत.

“मी आज माझं मीच ठरवणार आहे,” तुरीनं स्की बाकावर उलटी ठेवली. “कुणी मधे बोलायचं नाही. सोमवारी उत्तर द्यायचंय.”

“कसलं उत्तर?” सिवर्टनं विचारलं.

तिनं बापाकडं पाहिलं. बाप कॉफीत फुंकर घालत होता.

“जिल्ह्याच्या संघाला मेण लावणारं माणूस हवंय. पुढच्या हिवाळ्यापासून. त्यांनी मला विचारलंय.” ती घाईघाईनं म्हणाली, जणू हळू बोललं तर शब्द परत आत जातील. “मी पाच हिवाळे टिपणं ठेवलीत काका. टँकरमध्ये वही असते. हवा, बर्फ, काय लावलं, कसं चाललं. त्यांच्यातल्या एकानं ती वही पाहिली.”

“चांगलं आहे,” सिवर्ट म्हणाला. “तू जा.”

“अरे, तू पण?” एम्ब्रिकनं झाकणाचा पेला खाली ठेवला. “पोरी, वही लिहिता येणं वेगळं. आपल्या घराला मेणाचा हात नाही. माझ्या बापाला नव्हता, मला नव्हता, ते तर सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. म्हशीला पंख नसतात, त्यात म्हशीचा काय अपमान?”

“बाबा.”

“आज लाव काय लावायचं ते. आपल्याच पायाखाली आहे. पण दुसऱ्यांच्या पोरांच्या पायाखाली? मी माझं बुडवलं आणि माझंच हसून घेतलं. तू दुसऱ्याचं बुडवलंस तर हसता येईल? झोपता येईल तुला?”

सिवर्टच्या हातातलं बूच बाकाखाली घरंगळलं. तो वाकून शोधत राहिला, लागायला हवा त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

तुरी दाराकडं वळली. बाहेर जाऊन तिनं बर्फ उचलला, मुठीत दाबला, ओठांना लावून पाहिला. पाठीमागून ती हुबेहूब एकोणीस वर्षांच्या एम्ब्रिकसारखी दिसत होती. डाव्या खांद्याची तीच उतरती रेघ. आत येऊन तिनं ट्यूब गरम केली, काळजीपूर्वक, गवताच्या पात्यांसारखे तिरके पट्टे ओढले, अंगठ्यानं पसरले. थर इतका पातळ, की खालचा काळा तळ त्यातून दिसावा. सिवर्ट बघत होता. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हात कळतो. हा हात त्याच्यापेक्षा चांगला होता.

मग तिनं जोडी उचलून बाहेर नेली आणि सावलीतल्या बर्फात उभी केली. आत येऊन खिशातून जांभळ्या मेणाची डबी काढली.

“ती कशाला?” एम्ब्रिकनं विचारलं.

“वर नवं पडणार.”

“कोण म्हणतं? हवामानवाले दुपारपर्यंत कोरडं म्हणतायत. आता फोनवर पाहिलं मी.”

“पठारावरचा कॅमेरा काय दाखवतोय?”

“पांढरं.”

“धुकं बसलंय त्यावर. कॅमेरा आंधळा आहे.” ती डबी तळहातावर फिरवत होती. “पहाटे घाटातून येताना माझा डावा आरसा सारखा हिमानं भरत होता. उजवा स्वच्छ. वारा फिरलाय बाबा. पश्चिमेचा वारा, वर उणे अर्धा. अकरापर्यंत पठारावर बारीक बर्फ सुरू होणार. खालचं जुनं धरायला चिकट मेण हवंच, पण झाकून. गार करून वरून जांभळं.”

सिवर्टनं मनात हवामानवाल्यांचं धरून साधं चिकट मेणच ठरवलं होतं. त्यानं आता खिडकीतून पाहिलं. भूर्जाच्या शेंड्यांची एकच बाजू पांढरी होती, पश्चिमेची. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

“बरोबर आहे तिचं,” तो म्हणाला.

“झालं,” एम्ब्रिक म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. “पोरी, ऐक. मीही असाच त्या बाकापाशी उभा होतो. बर्फ दाबला, उघडला, छाती काढून सांगितलं हेच लावा. सिवर्टनं माझं ऐकून तेच लावलं. त्याचं चाललं, माझं नाही. का? तेच मेण, तीच ट्यूब. कारण त्याच्या हातानं लावलं होतं आणि माझ्या हातानं नव्हतं. ते शिकता येत नाही. मी एकेचाळीस वर्षं त्यावर विचार केलाय. तू नको करूस माझ्यासारखा. नाही म्हणून कळव त्यांना, आणि आज सिवर्ट देईल ते लाव.”

तुरी उभी राहिली. लहानपणापासून हा किस्सा तिनं जेवणावर, लग्नांत, शर्यतीनंतरचे वॉफल खाताना ऐकला होता, आणि नेहमी त्याच्या शेवटाला हसू असे. आज हसू नव्हतं. तिनं बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिनं डबीचं झाकण पुन्हा बसवलं आणि ती सिवर्टपुढं बाकावर ठेवली.

“काका, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर कुणीतरी कर्ण्यावरून नंबर पुकारायला सुरुवात केली.

“मी सांगितलं,” सिवर्ट म्हणाला. “तुझं बरोबर आहे. जांभळं चढव. आणि सोमवारी हो कळव.”

“तू मायेनं म्हणतोयस,” एम्ब्रिकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू आयुष्यभर आमच्याशी मायेनंच वागत आलास. मला काय कळत नाही? छप्पर, दवाखाना, हिच्या प्रत्येक शर्यतीचं मेण. माझी जागा तुला मिळाली याचं तुला वाईट वाटत राहिलं. अरे, वाटू नये. ती माझ्या हातानं गेली. पण हिच्याबाबतीत माया नको करूस. खरं सांग.”

पाठीवर हात होता. जड, उबदार, खरबरीत. सिवर्टला वाटलं, हा हात असाच राहावा. दुसरं काही नको. चाळीस वर्षं त्यानं केलेली सगळी चांगली कामं या हाताखाली उभी होती आणि एकही त्याच्या मदतीला येत नव्हतं. उलट त्याचा शब्द त्यांनीच पोकळ केला होता. तो खरं बोलला तरी ती माया ठरत होती. तुरी बापाचं ऐकून नुसत्या चिकट मेणावर पळेल, पठारावर गोळे बांधतील. बाप म्हणेल, बघ. आणि सोमवारी ती नाही लिहील. मग तिच्या मुलांना सांगितलं जाईल, आपल्या घराला हात नाही. एका फोनमुळं.

तो बाजूला सरला. एम्ब्रिकचा हात हवेत राहिला.

“तुरी, स्की आत आण,” तो म्हणाला. “गार झाल्यात. बूच घे. तू लावता लावता ऐक, वेळ नाही.”

तिनं बापाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. स्की आत आणून तिनं बाकावर आवळल्या, डबी उघडली. पहिला हात हलका, टेकवल्यासारखा. मग बुचाचा तो कोरडा, घाईचा आवाज.

“एम्ब्रिक, बस.”

“मला नाही बसायचं. काय झालंय तुला? पांढरा पडलायस.”

“आपण दोघांनी तेच मेण लावलं होतं, हे खरं,” सिवर्ट म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे बोलायची वेळ आली तर आवाज फुटणार नाही. आवाज फुटला, साधाच होता, दुकानात मीठ मागावं तसा. “पण मी निघालो त्या मेणावर नाही. मी लाकडांच्या छपरामागं जाऊन त्यावर जांभळं चढवलं. ही आत्ता करतेय ना, तेच.”

एम्ब्रिकनं हसण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. “मग? तुला सुचलं. मला नाही सुचलं.”

“मला सुचलं नव्हतं. मला कळवलं होतं. बोळातला तो फोन आईचा नव्हता, गुनवोरमावशीचा होता. वर नवं पडतंय, सगळ्यांना सांग म्हणाली. तिथून या बाकापर्यंत अकरा पावलं आहेत, मी कितीदा तरी मोजलीत. तेवढ्यात मी ठरवलं की सांगायचं नाही. ठरवलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, पण ठरवलंच असणार. मला ती जागा हवी होती.”

बुचाचा आवाज थांबला होता.

“तू लाव गं,” सिवर्ट तिच्याकडं न बघता म्हणाला. मग एम्ब्रिककडं बघितलं, सरळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “तुझा हात चांगला होता. तुझ्या बापाचाही असेल. तू बर्फ दाबून जे सांगितलंस ते त्या वेळेला अगदी बरोबर होतं, आणि पुढचं तुला कळायला हवं होतं ते माझ्याकडं होतं. शून्याच्या सकाळी मी तुझ्यापासून मेण लपवलं, एम्ब्रिक. तू चुकला नव्हतास.”